सरूआक्का आणि बाहेरचा काटा

कन्हेरीच्या सरूआक्का पिकअपमध्ये बसल्या की त्यांना तहान लागायची. अशी तशी नाही. बारामतीतून इंदापूरला निघालं की जंक्शन गावाला एकदा, लासुर्णे ओलांडलं की एकदा आणि निमगाव केतकी जवळ आलं की पुन्हा. "आवं, घ्या की जरा कडंला. घसा वाळला माझा." मग स्टेअरिंगवरचे भगवानतात्या, म्हणजे त्यांचे यजमान, कपाळाला आठ्या घालून गाडी बाजूला घेत. आक्कांच्या पायाशी पाण्याची बाटली गच्च भरलेली असे, पण बसल्या जागी पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. खाली उतरायचं, झाडाखाली बसायचं, पदरानं वारा घ्यायचा आणि मग घोट घोट प्यायचं. तेवढा वेळ इंजिन बंद. चालू ठेवलेलं त्यांना अजिबात चालायचं नाही.

इंदापूरच्या बाजारात भाजी उतरवून घेणारे लोक त्यांची थट्टा करायचे. "आक्का, येताना किती हिरी आटवल्या आज?" आक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. तात्या मात्र वैतागायचे. "हिच्यापायी आमची भाजी समद्यात शेवटाला उतरती," असं ते ज्याला त्याला सांगत. मीही हसणाऱ्यांतलाच. आक्का आता नाहीत, म्हणून हे आधीच कबूल करून टाकतो.

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. वायरिंगच्या जोडीला मी मीटर विकतो; आमच्याकडे त्यांना काटेच म्हणतात. इंजिनातलं पाणी किती तापलं ते सांगणारा काटा, ऑईलच्या दाबाचा काटा, बॅटरीचा काटा. पुष्कळ गाड्यांत कंपनी काटा देत नाही, नुसता एक दिवा देते. इंजिन तापलं की दिवा लागतो. पण दिवा लागेपर्यंत आत काय शिजतंय ते कळत नाही, म्हणून लोक बाहेरचा काटा बसवून घेतात. तो बसवावा की नाही यावर माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर जेवढी भांडणं झाली, तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही झाली नसतील. एक म्हणतो, आधी कळलेलं बरं. दुसरा म्हणतो, चांगल्या वायरिंगला कात्री लावून दुखणं विकत कशाला घ्यायचं? मी दोघांपुढेही मान डोलावतो. पहिला माझ्याकडून काटा घेतो, आणि दुसऱ्याचं कंपनीचं वायरिंग आज ना उद्या उंदीर खातातच.

भगवानतात्या दुसऱ्या पक्षाचे, आणि तेही कट्टर. उभी हयात त्यांनी भाजीच्या पाट्या एसटीच्या टपावर चढवून बाजार केला. साठी जवळ आल्यावर दारात स्वतःची पिकअप आली. त्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक त्यांनी चार वर्षं काढलं नव्हतं. गाडीबरोबर मिळालेलं माहितीचं पुस्तक रेशनकार्डाशेजारी ट्रंकेत ठेवलेलं असायचं. मुलानं, सुनीलनं, हौसेनं काचेवर देवाचं स्टिकर लावलं, तर ते त्यांनी रॉकेलनं पुसून काढलं. "कंपनीत शिकल्याली मानसं असत्यात," ते मला समजावत. "लागत न्हाय म्हणून दिलं न्हाय त्यांनी. तू काय त्यांच्यापरीस शाना हाईस?" मी नाही म्हणायचो. नाही म्हटल्याशिवाय ते चहा प्यायचे नाहीत.

आक्कांची आणि माझी ओळख झाली ती गाडीचा मागचा दिवा लागत नव्हता तेव्हा. मी दिवा बदलत होतो, तात्या बाकड्यावरच्या मंडळींना कंपनीची थोरवी सांगत होते, आणि आक्का गाडीतच बसून होत्या. चपला काढून त्यांनी सीटवर शेजारी ठेवल्या होत्या आणि तळपाय खालच्या पत्र्यावर टेकवले होते. मला वाटलं, गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला नकोत असं काही असेल. मी दिवा बसवून पुढं आलो तशा त्या हळूच म्हणाल्या, "दत्ता, पंख्याचा पट्टा बघ रं बाबा. सकाळधरनं शीळ घालतोय." मी म्हटलं, आक्का, मी वायरिंगवाला, पट्टे मिस्त्री बघतो. तरी त्यांच्या समाधानासाठी बॉनेट उघडलं. पट्टा एका कडेनं इतका उसवला होता की इंदापूर काही त्यानं बघितलं नसतं.

"मला कसं ऐकाय आलं न्हाय?" तात्या म्हणाले.

"तुमचं ध्यान रस्त्याकडं असतंय," आक्का म्हणाल्या. "मी नुसतीच बसल्याली. माझं कान रिकामं असत्यात."

हे शिक्षण त्यांना कुठं मिळालं ते त्यांनीच मला पुढं कधीतरी सांगितलं. त्यांचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. विहिरीवर वडिलांचं ऑईल इंजिन होतं. वडील पाणी धरायला रानाच्या त्या टोकाला जात आणि सात-आठ वर्षांच्या सरूला इंजिनाजवळ बसवून जात. काम एकच. आवाज बदलला की हाक मारायची. थोरले भाऊ शाळेत जायचे आणि ही दिवसच्या दिवस इंजिनापाशी. "भाऊ पाडं शिकलं, मी ह्ये शिकले," त्या म्हणायच्या. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. उलट थोडा तोराच होता. "इंजिन कवा बी एकदम बंद पडत न्हाय. आदी लई सांगून बघतंय. मग कुनी ऐकंना म्हटल्यावर बसतंय रुसून." गाडीत बसलं की त्या चपला का काढायच्या याचाही उलगडा तेव्हा झाला. आवाज कानानं कळतो आणि थरथर तळपायानं, असं त्यांचं शास्त्र होतं.

तहानेचं गुपित मला कळलं ते एकदा त्यांच्या गाडीतून इंदापूरला गेलो तेव्हा. माझी मोटारसायकल दुरुस्तीला दिली होती आणि तिकडं एका ट्रकचं काम आलं होतं. मध्ये आक्का, खिडकीशी मी. कारखाने सुरू झाले होते, रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्यांची रांग लागलेली. मागून एसटी हॉर्न देत होती. एकदा, दोनदा, मग तिचा ड्रायव्हर हॉर्नवरचं बोट उचलायलाच तयार नाही. तात्या मजेत मधून चाललेले. आक्कांनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "आवं, जरा डावीकडनं चला. मला त्या बागंतलं पेरू बगायचं हायती." तात्यांनी कुरकुरत गाडी डावीकडं घेतली, एसटी सणसणत निघून गेली, आणि मी पेरूची बाग शोधत राहिलो. तिथं उसाशिवाय काही नव्हतं.

मग मी मुद्दामच बघायला लागलो. मी काही विचारलं तर तात्या उत्तर देत नव्हते. तेच आक्कांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं की देत होते. ट्रॉल्यांच्या मागे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चालली तसे आक्कांचे तळपाय पत्र्यावर चाचपडायला लागले. थोड्या वेळानं ठरलेली तहान लागली. गाडी थांबली, तात्या पलीकडच्या बाभळीकडं गेले आणि मी बॉनेटवर हात ठेवून झटकन मागं घेतला. आक्का झाडाखाली बसल्या होत्या. बाटलीचं बूचही त्यांनी उघडलं नव्हतं.

"किती दिवस झालं आक्का?" मी विचारलं.

त्यांनी आधी तात्या कुठं आहेत ते बघितलं. "तीन वरसं. आदी डाव्या कानानं बरं व्हतं. आता त्यो बी गेल्यात जमा हाय."

"सुनीलला माहीत आहे?"

"न्हाय, आन् तू सांगायचं बी न्हाय." मग म्हणाल्या, "त्याला कळलं तर किल्ली काढून घील. त्याचं बी चूक न्हाय त्यात. पर किल्ली गेली तर हे दिवसभर दारात बसून करत्याल काय? मानसात जाऊन बसलं तर ऐकाय येत न्हाय. टीव्ही कळत न्हाय. एक गाडी तेवढी हाय, तितं मी सांभाळून घेती."

"आणि तात्यांना माहीत आहे, तुम्ही सांभाळून घेता ते?"

"त्यास्नी वाटतंय मला हिंडाय आवडतंय," आक्का म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या, कारण तात्या येत होते.

मी गप्प बसलो. हे लिहिताना सोपं वाटतं, पण तेव्हा मला सोपं गेलं नाही. त्या रस्त्यावर दुसऱ्यांचीही पोरं सायकलवरून शाळेत जातात. सुनीलला सांगावं असं मनात कितीदा आलं आणि कितीदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. आक्का शेजारी आहेत तोवर तात्यांची गाडी रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांपेक्षा सुरक्षित आहे, अशी मी माझी समजूत घातली. ती खरीही होती, म्हणून तर तिचा मोह पडला.

पुढच्या उन्हाळ्यात आक्कांचा गुडघा गेला. गाडीत चढताना तात्या त्यांना खालून आधार द्यायचे आणि त्या ओठ आवळून चढायच्या. सुनील एमआयडीसीत नोकरीला. पोरगा सरळ, आईवर जीव. त्यानं धावपळ करून गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं. तीन महिने पिकअपमध्ये चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. तो मला मोठ्या आनंदानं सांगत होता, "आईनं लय हाल काढले, दत्तादा. आता तिनं निवांत घरात बसायचं. तात्यांना काय, जातील एकटे."

दोनच दिवसांनी आक्का वडापच्या जीपमधून, दहा जणांच्या दाटीत बसून, एकट्या माझ्या दुकानात आल्या. एकट्या आलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. बाकड्यावर बसल्या, गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दत्ता, माझ्या जागंला कायतरी बसव."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी भिंतीवर टांगलेल्या काट्यांकडं हात केला.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हा पाण्याचा काटा, हा ऑईलचा. मागच्या हॉर्नसाठी यात काही नाही, पण मोठे आरसे बसवता येतील. तात्यांची नजर चांगली आहे. आक्का एकेक काटा हातात घेऊन, काचेवरून अंगठा फिरवून बघत होत्या. पोरीला बघायला आलेल्या स्थळाची चौकशी करावी तशी त्यांनी चौकशी केली. अंधारात दिसतो का, खड्ड्यात हलतो का, किती वर्षं टिकतो. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्यो खोटं सांगतो का रं कवा?"

"चांगला काटा खोटं सांगत नाही, आक्का," मी म्हणालो.

धंद्यातलं वाक्य होतं ते. दिवसातून चारदा तोंडातून जातं. ते अर्धंच खरं आहे हे मला माहीत होतं. या काट्याचं टोक इंजिनातल्या पाण्यात बुडालेलं असतं, म्हणून त्याला पाण्याची उष्णता कळते. पाणीच निघून गेलं तर ते टोक कोरडं लोंबकळत राहतं, आणि इंजिन भाजून निघत असताना काटा मात्र खाली उतरतो, जणू सगळं थंड आहे. कंपनीच्या दिव्याचंही तेच. पण असं कितीदा होतं? आणि त्या बाईचा चेहरा असा होता की तिला एक तरी गोष्ट धडपणे हो म्हणावी असं वाटत होतं.

तात्या बाहेरचा काटा बसवू देणार नाहीत, याची तोड आक्कांनीच काढली होती. "कंपनीनंच आता समद्यास्नी द्यायचं काढलंय म्हणून सांगू. तुझ्याकडं पाठवल्यात म्हणू." आणि तसंच झालं. चार दिवसांनी तात्या गाडी घेऊन आले. "कंपनीचा हाय न्हवं?" त्यांनी मला डोळ्यात बघून विचारलं. मी मान हलवली. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "बग, आलं का न्हाय त्यांच्या ध्यानात? लागतंय म्हटल्यावर दिलं." त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं काच पुसली. लग्नात नवरदेवाचं होत नाही एवढं त्या काट्याचं कौतुक झालं.

गाडी सुरू करून मी त्यांना शिकवायला बसलो. काटा इथवर असला की बरोबर, इथं गेला की थांबायचं. हे बोटानं दाखवता येत होतं, ते त्यांना कळलं. मग पाण्याचं सांगायची वेळ आली. दुकानात त्या वेळी पाच-सहा जण होते, दोघं तर कन्हेरीचेच. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "तात्या, पाणी रोज सकाळी बघायचं. पाणी नसलं तर काटा उठत नाही, उलट खाली येतो." तात्या म्हणाले, "व्हय, व्हय." मी पुन्हा सांगितलं. "व्हय की," ते हसून म्हणाले. मला ते हसणं ओळखीचं होतं. ऐकू न येणारा माणूस समोरच्याचं वाक्य संपलं हे ओठांवरून ओळखतो आणि असा हसतो. मी त्यांच्या कानाशी ओरडलो असतो तर त्यांना ऐकू आलं असतं. पण ओरडलो असतो तर त्या सहाही जणांना कळलं असतं, संध्याकाळपर्यंत सुनीलला कळलं असतं. कानाशी वाकून सांगायला आक्का तिथं नव्हत्या. मी "ठीक आहे मग" म्हणालो आणि पान्हा खाली ठेवला.

ऑपरेशन छान झालं. आक्का घरी आल्या आणि सोप्यातल्या कॉटवर पडून राहिल्या. तात्या एकटे इंदापूरला, कधी पुढं बावड्याला जाऊन येऊ लागले. येताना माझ्याकडं डोकावून सांगायचे, "काटा मधीच. हलत न्हाय गडी." खुशीत होते. एकदा म्हणाले, "आता कसं, येळंवर पोचतो. वाटंत कुनाला तान लागत न्हाय." बाकड्यावरचे हसले. मला काही हसता आलं नाही.

इकडं आक्कांचा फोन रोज यायचा. गाडी दारातून निघाली की कॉटवर पडल्या पडल्या त्या ऐकायच्या आणि मला सांगायच्या, आज बरी गेली, आज जरा जड गेली. त्यांनी हे सुनीललाही सांगून बघितलं होतं. "आई, तू गुडघ्याकडं बघ. गाडीला काटा बसवलाय ना," असं तो म्हणाला. तोही बरोबरच म्हणाला.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा फोन आला. मी एका जीपचा सगळा डॅशबोर्ड उघडून बसलो होतो, तोंडात स्क्रू होते. "दत्ता, आज गाडी सूं सूं आवाज करत गेली रं. सुनंला बगाय लावलं, तर दारात वल्लं हाय. पानी गळतंय गाडीचं."

"आक्का, काटा आहे ना," मी म्हणालो. "तापली तर काटा सांगेल. ते थांबतील."

मग "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी मला कधी उलट विचारलं नाही, त्या दिवशीही नाही. काट्याबद्दल मी सांगेन ते खरं, असं त्या धरून चालल्या होत्या.

दोन स्क्रू बसवले असतील, तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी गळतंय. पाणी गेलं तर काटा खाली येणार. मी तात्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तात्यांच्या खिशात तो वाजत असणार आणि तात्या काट्याकडं बघत मजेत चालले असणार. फोन कानाला लावून मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, आणि एवढ्या मोठ्या तालुक्यात त्या माणसाला हाक मारायची कुठलीही सोय माझ्याकडे नव्हती. जीपवाला मागून "अहो, माझं काय?" म्हणत असताना मी मोटारसायकलला किक मारली.

अंथुर्ण्याच्या पुढं गर्दी दिसली. पिकअप निम्मी रस्त्यात, निम्मी खाली. कुणाला काही लागलं नव्हतं, देवाची कृपा. बॉनेटमधून वाफसुद्धा येत नव्हती, यायला पाणीच शिल्लक नव्हतं. जळक्या रबराचा वास सुटला होता. इंजिन जागेवर धरलं होतं, आता ते कुणाच्या बापाला फिरणार नव्हतं. तात्या स्टेअरिंगवर बसून होते. मला बघून त्यांनी मला आनंदानं जवळ बोलावलं आणि काट्यावर बोट ठेवलं. "ह्ये बग! थंडगार हाय! आन् हे लोक हातानं दावत्यात, इंजिन जळलं म्हणून. कंपनीचा काटा खोटं सांगंल व्हय?"

मागं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन अडकला होता आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता. सगळे तिकडं बघत होते. तात्या बघत नव्हते. तेवढ्यात सुनील आला. आक्कांनी माझ्यानंतर त्याला फोन केला होता, आणि तो माझ्यासारखा हुशार नसल्यामुळे लगेच निघाला होता. तो गाडीच्या मागून धावत येत होता. "तात्या!" त्यानं हाक मारली. खिडकीमागे हातभर अंतरावर येऊन पुन्हा मारली. "तात्या!" तिसऱ्यांदा तर तो जिवाच्या आकांतानं ओरडला. तात्या मला काटा दाखवत होते.

सुनील तिथंच थांबला. पोराचा चेहरा मी बघितला आणि मला माझी नजर कुठं ठेवावी कळेना. "दत्तादा, तुम्हाला माहीत होतं?" त्यानं विचारलं. मी काट्याकडं बघितलं, त्यात त्याला उत्तर मिळालं. मग तो पुढं आला, खिडकीतून आत हात घातला आणि किल्ली काढून घेतली. तात्यांना पोराचा हात दिसला, हातातली किल्ली दिसली. काट्यावरचं बोट मात्र त्यांनी बराच वेळ उचललं नाही.

गाडी भंगाराच्या भावानं गेली. सुनीलनं वडिलांना चांगल्यातलं कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी डबीसकट ट्रंकेत ठेवून दिलं. देवानं पाठवताना बरोबर दिलं नाही ते अंगाला लावायचं नाही, असं म्हणाले. आक्कांचा गुडघा ठणठणीत बरा झाला. घरातल्या घरात त्या आता भराभरा चालायच्या. सुनील माझ्याशी बोलायचा बंद झाला, आणि मी त्याला दोष देत नाही.

दिवाळीच्या आधी मी धीर करून कन्हेरीला गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. रस्त्यानं गाडी गेली की तिच्याकडं बघायचे, ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचे. आक्का शेजारी गवार निवडत होत्या. मी त्यांना खालच्या आवाजात सगळं सांगितलं. काटा पाण्याविना खोटं सांगतो हे मला माहीत होतं, मी तुमच्याशी खोटं बोललो, आक्का.

त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तू माझं मन राखाय बोललास. सुनीलनं बापाचा जीव राखाय किल्ली घेतली. ह्यांनी काट्यावर भरवसा ठेवला, त्यो बी आपुनच ठेवाय लावला. समदी आपापल्या जागी बराबर, आन् तरी बी असं झालं. मग आता मी भांडू कुनाशी, सांग की." त्यांनी गवारीच्या शिरा काढायला पुन्हा सुरुवात केली.

आम्ही काय बोलतोय ते तात्यांना ऐकू येत नव्हतं, पण गाडीचंच चाललंय हे त्यांनी ओळखलं असावं. ते माझ्याकडं वळले आणि ज्याला स्वतःचा आवाज कळत नाही त्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "दत्ता, मला गाडीचं काय वाटत न्हाय बग. माझं वय झालं. पर हिला हिंडायची लई हौस. निम्म्या वाटंत माझा जीव खायची, तरी कवा हिला टाकून गेलो न्हाय. सुनीलला वाटायचं तात्या भाजीसाठी गाडी चालवत्यात. भाजी काय, कुनी बी नेली असती. मी हिच्यासाठी चालवत व्हतो. आता हिला कोन न्हेनार?"

मी आक्कांकडं पाहिलं. एका वाक्यात त्या सगळं सांगू शकल्या असत्या. आता लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. त्यांनी हातातल्या शेंगा टोपलीत ठेवल्या, नवऱ्याच्या डाव्या कानाशी वाकल्या आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ओरडून म्हणाल्या, "व्हय, लई हौस व्हती मला."